देवाच्या नावाची सूट

सरकारने अमक्याला कर माफ केला, तमक्याला सूट दिली, अशी बातमी कोणी हसतमुखाने वाचून दाखवू लागलं की माझ्या कपाळाला आठी पडते. स्वभावच संशयी. नवरा म्हणायचा, तुझ्यापुढे देव प्रकटला तरी तू त्याला आधी गाव विचारशील. म्हणेना का! गाव विचारलेलं बरं असतं. आमच्या गावात देवाच्याच नावाने काय काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून ‘माफ’ हा शब्द कानावर आला की मी एवढंच विचारते, माफ केलं ते कोणाच्या ताटातून काढून?

ही मालवणच्या बाजूची हकीकत, साठ सालाच्या आगेमागेची. आमचं घर खाडीच्या अगदी काठाला, धक्क्याच्या पायऱ्या संपतात तिथे. सासरे तरुणपणी देवगडाकडून येऊन इथे दुकान घालून बसले आणि इथेच वारले. नवरा मुंबईला कारखान्यात. घरात मी, सासू आणि माझी एकुलती एक मुलगी. सासूला सगळे आये म्हणत, मीही आयेच म्हणायची. घर तिच्या नावावर होतं आणि घरातला शेवटचा शब्दही तिचाच.

आयेचं लग्न होऊन ती या गावात आली ती केस पांढरे होईपर्यंत इथेच राबली, पण गावाच्या लेखी आम्ही उपरे ते उपरेच. कारण आमच्या घराला मान नव्हता. ग्रामदेवाच्या उत्सवात प्रत्येक जुन्या घराचं एक काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, त्याला आमच्याकडे मान म्हणतात. कोणी पालखीला खांदा देतो, कोणी मशाल धरतो, कोणी ढोल वाजवतो. काम एवढंसं, पण त्यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडतील. मान असला तर तुम्ही गावचे, नसला तर नुसते गावात राहणारे. आये वर्षानुवर्षं देवळात मागच्या खांबापाशी उभी राहायची आणि घरी आली की म्हणायची, “आमका काय, आमी बघूक जातंव.” हसून म्हणायची, पण मला ते हसू कधी खरं वाटलं नाही.

तेव्हा पंचायती नव्याने आल्या होत्या आणि कायद्याने बायकांना जागा ठेवावी लागली होती. बाई हवी, पण बोलणारी नको, अशी गावात शोधाशोध झाली. उपऱ्यांच्या घरातली सून, ही काय तोंड उघडणार, असं धरून त्यांनी मला बसवलं. तिथे त्यांचा अंदाज साफ चुकला.

सरपंच म्हणजे गावचे पहिले मानकरी. गावात माडी असलेलं घर त्यांचं एकट्याचं. गोड बोलणारा माणूस, आणि मला गोड बोलणाऱ्यांची पहिल्यापासून धास्ती. ग्रामसेवक घाटावरचा, बिचारा आमची बोली ऐकून गोंधळायचा. त्याने पहिल्याच सभेत समजावून सांगितलं की पंचायतीने घरपट्टी लावायची, मोठ्या घराला जास्त, लहानाला कमी. आणि गावाची वसुली जेवढी होईल त्या मानाने सरकार वरून अनुदान देईल. गावाने हात आखडला तर सरकारचाही हात आखडणार.

त्या पट्टीतून आम्ही पहिली गोष्ट केली ती पंचायतीची तर सुरू केली. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. तरवाला मुसलमान, त्याचा बाप आणि आजाही हेच करायचे. पंचायतीने त्याला महिन्याचा पगार बांधून दिला, होडीची डागडुजी अंगावर घेतली आणि शाळेच्या मुलांना फुकट न्यायचं ठरवलं. हा ठराव मी मांडला होता. लपवते कशाला, त्यात माझा स्वार्थ होता. गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल खाडीपलीकडे. माझी पोर आठवीला गेली होती. मी स्वतः सातवीला थांबले, कारण माझ्या माहेरी पुढे शाळाच नव्हती. चुलीपुढे बसून वर्तमानपत्राचे फाटके कागद वाचत मी मोठी झाले. पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, ही एकच गोष्ट मी मनात घट्ट धरली होती.

दीड-दोन वर्षं ही तर छान चालली. सकाळी पोरं धक्क्यावर कलकलाट करायची, तरवाला त्यांना ओरडायचा, “गप बसा रे, होडी बुडयतल्यात काय?” आणि मी दारातून बघत राहायची. पट्टीचे पैसे डोळ्यांसमोर पाण्यावरून जाताना दिसत होते. असं पुन्हा कधी दिसलं नाही मला.

मग एका सभेत सरपंचांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला. “कायद्यान देवळाक पट्टी माफ आसा. मगे जी घरा देवळाचा काम करतत, तेंका कशाक पट्टी? मानकऱ्यांच्या घरांक सूट देऊया.”

ग्रामसेवक म्हणाला, “देवळाला माफी आहे, घरांना तशी नाही. पण पंचायतीनेच ठराव केला तर... वर विचारावं लागेल.” एवढं बोलून तो कागद चाळू लागला. तो नक्की विचारणार नाही, हे मला तिथेच कळलं.

मी विचारलं, “किती घरा?”

“अगो, मोजकी. देवाचा काम करणारी.”

“मगे पयलो मान तरवाल्याक देवा. दरवर्षी पालखी खाडीपलीकडे कोण नेता? तोच. आणि त्याचो बापूस नेय, आजो नेय. एक पैसो घेवक नाय कोणी.”

आमचा देव वर्षातून एकदा पलीकडच्या गावात आपल्या बहिणीला भेटायला जातो. पालखी होडीतून जाते आणि होडीतूनच परत येते.

सरपंच हसले. “तो त्याचो धंदो, बाये. ह्यो मान न्हय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं की माडीवाल्या घराची पट्टी सुटली तर पंचायतीला खड्डा पडेल, आणि ढोल वाजवणाऱ्याच्या झोपडीची सुटली तर त्याच्या घरात मूठभर तांदूळसुद्धा जास्त येणार नाही. सूट सगळ्यांना सारखी म्हणता, पण ती पोचते कोणाला? सरपंचांनी अडकित्ता खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, “असा कर, देवाकच विचारूया.”

झालं! आता बोला. देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या पाषाणाला गुरव दोन्ही अंगांना पाकळ्या पाण्यात भिजवून चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याआधी गाऱ्हाणं घालतात. गावाच्या वतीने एकजण मोठ्याने देवाला सांगतो, आणि तो श्वास घ्यायला थांबला की सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” काय सांगितलं याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. लहानपणापासून तोंडाला सवय झालेली असते, आवाज थांबला की होकार बाहेर पडतो.

सरपंचांनी स्वतःच गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! तुझी सेवा करणाऱ्या घरांक सूट देऊची असात, तर उजवी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव.

बायका बाहेरच्या बाजूला. मला गुरवाच्या कोपराशिवाय काही दिसत नव्हतं. कमी भिजलेली पाकळी आधी सुटते, हे गजरे करणाऱ्या कुठल्याही पोरीला ठाऊक असतं, आणि कुठली किती भिजवली हे भिजवणाऱ्यालाच ठाऊक. उजवी पडली. सूट मिळणाऱ्या घरांत गुरवाचंही घर होतं. मी देवावर संशय घेतला नाही, पण त्या कोपरावर आजही घेते.

आता खरी गंमत पुढे. मान असेल तर पट्टी नाही, हे कळल्यावर गावात मान उगवायला लागले, पावसात अळंबी उगवतात तसे. एकाच्या आज्याने म्हणे देवळाच्या तुळशीला पाणी घातलं होतं. एकजण जत्रेत कुत्री हाकलायचा, तो म्हणाला हा आमच्या घराचा पिढीजात मान. मुंबईला गेलेल्या एका चाकरमान्याने पत्र पाठवून कळवलं की उत्सवाला आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, आणायचा मान त्याच्या घराचा आहे, त्याच्या बंद घराची पट्टी माफ व्हावी. आंब्याचे टाळे! ते तर वाटेवरची पोरं ओरबाडून आणायची. पण सरपंच कोणालाच नाही म्हणत नव्हते. का म्हणतील? ज्याला ज्याला सूट मिळाली तो तो त्यांच्या ओंजळीने पाणी प्यायला लागला. पहिली सूट त्यांनी आपल्या माडीसाठी घेतली आणि पुढच्या सगळ्या ती माडी झाकण्यासाठी वाटल्या, हे माझं तेव्हाही म्हणणं होतं.

नवऱ्याला मी हे सगळं लिहिलं. त्याचं उत्तर आलं की उगाच वाकड्यात शिरू नकोस, आमच्या नव्या कारखान्यालाही सरकारने काही वर्षं कर माफ केलाय, धंदा वाढावा म्हणून देतात. मी उलट टपाली विचारलं, मग तुमचा पगार वाढला? त्यावर पुढच्या पत्रात फक्त हवापाण्याची चौकशी होती.

वसुली घसरली तशी अनुदानालाही गळती लागली. म्हणजे सूट एकदा आणि गावाचं नुकसान दोनदा. आधी तिठ्यावरचा कंदील गेला. मग विहिरीचा गाळ काढायचा राहिला. ग्रामसेवक रडकुंडीला येऊन म्हणाला, “बाई, उरलेल्यांवर पट्टी वाढवायची म्हणतात.” उरलेले कोण? बौद्धवाडी, भाड्याने राहणारे गुरुजी, तरवाला आणि आम्ही. म्हणजे ज्यांना देवळात उभं राहायला जागा नाही, ती मिळाली तरी मागच्या खांबापाशी, त्यांनी गावाचा गाडा ओढायचा! तरवाल्याकडून वाढीव पट्टी घ्यायची आणि त्याचा पगार थकवायचा, असं कौतुक आमच्या पंचायतीने करून दाखवलं. मी सभेत टेबलावर हात आपटला. त्यांनी ठरावात लिहिलं, ‘महिला सभासदांनी मत मांडले.’

आणि मग एक दिवस सरपंच आमच्या ओटीवर आले.

या माणसाने त्याआधी आमची पायरी चढलेली मला आठवत नाही. दुकानातून काही हवं असलं तर गडी पाठवायचे. त्या दिवशी स्वतः आले, आयेच्या पाया पडले, बसले, आणि चहाची वाट न बघता म्हणाले, “आये, तुमचा घर धक्क्यार. पालखी पलीकडसून येता तेव्हा पयली तुमच्या दारात लागता. देवाच्या खांदेकऱ्यांचे पाय धुवचो मान तुमच्या घराक देवचो, असा गावान ठरवलाहा.”

मी आतून ऐकत होते. चहा उतू गेला. मला लख्ख कळलं की हे माझ्या तोंडात बोळा कोंबायला आलेत. आमच्या घराची पट्टी माफ झाली की मी सभेत कुठल्या तोंडाने बोलणार?

बाहेर येऊन पाहते तर आये रडत होती. आवाज नाही, काही नाही, नुसते गालावरून ओघळ. ते गेल्यावर मी म्हटलं, “आये, ही लाच आसा. मान न्हय. नाय म्हणान सांगा.”

“तुका काय म्हायत?” ती एकदम उसळली. “तू काल इलंस. मी ह्या गावात सगळो जल्म काढलंय. तुझो सासरो गेलो तेव्हा खांदो देवक कोण इलो, सांग? कोण इलो? पाच माणसा मिळता मिळता दुपार झाली. आता देवाची पालखी माझ्या दारात थांबतली आणि तू म्हणतंस नको?”

“पण तर बंद पडली तर चेडवाच्या शाळेचा काय?”

“तर कशी बंद पडात? पालखी जावची आसा ना तिच्यातसून?”

देव ज्या होडीतून जातो ती होडी कोण कुजू देईल, असं तिला वाटलं. गावातल्या प्रत्येकाला तेच वाटत होतं, आणि म्हणूनच कोणी तिच्याकडे बघितलं नाही. आयेने मान घेतला. आमची पट्टी माफ झाली.

त्या पावसाळ्यात होडी वर काढली ती वरच राहिली. तळाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या. नवीन फळ्या, डांबर, सुतार, कशालाच पैसा नाही. तरवाला स्वतःच्या हाताने चार दिवस ठोकाठोक करत बसला, मग मला म्हणाला, “वयनी, माझा बोलणा आयका. ह्यात पोरां बसवली तर पाप माझ्या माथ्यार.” आणि तो मालवणला मासेमारीच्या होडीवर कामाला गेला. त्याला मी काय बोलू?

पोरीची शाळा आता भरती-सुकतीवर आली. पाणी ओसरलं की खाडीच्या वरच्या अंगाला चिखलातून चालत जाता येतं, कमरेच्या खाली पाणी राहतं. पण सुकतीची वेळ रोज पुढे सरकते, शाळेची घंटा काही सरकत नाही. काही दिवस ती वेळेवर पोचायची, काही दिवस दुपारी, आणि काही दिवस घरातच बसायची. परकर खोचून, दप्तर डोक्यावर, चपला हातात धरून ती निघाली की पलीकडे पोचल्याचा हात दाखवीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. हेडमास्तरांचा निरोप आला की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसवणं कठीण आहे. नवऱ्याचं पत्र आलं, मुलीची जात आहे, पाण्यातून पाठवू नकोस, पुरे झालं शिक्षण. ते पत्र मी चुलीत घातलं. पण पोर म्हणाली, “आई, बाबा म्हणतत तसाच करूया काय? माका कंटाळो इलो.” कंटाळा नव्हता तो, भीती होती. आदल्या दिवशी भरती लवकर वळली होती आणि पाणी तिच्या छातीला लागलं होतं. ते मला कोणी दुसऱ्याने सांगितलं. मी सरपंचांना, गुरवाला, त्या टाळेवाल्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की आजही आठवल्या तर हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

पालखीचा दिवस आला. आये पहाटे उठली. ठेवणीतलं लुगडं नेसली, तांब्याची कळशी चिंचेने घासून लखलखीत केली, पाण्यात तुळस आणि दोन फुलं टाकली. दारात रांगोळी काढली, पाट मांडला. होडी नाही, मग पालखी कशी जाणार, हे मी विचारलं तर म्हणाली, “देवाची सोय देव करता.” सकाळी पोर सुकती बघून शाळेला गेली. आये धक्क्याच्या वरच्या पायरीवर बसली.

दुपार झाली. ऊन कलंडलं. आये जेवली नाही, मान घ्यायचा तर उपास. मी दोनदा बोलवायला गेले, दोनदा तिने हाताने नको म्हटलं. पलीकडच्या तीरावर माणूस नाही, ढोल नाही.

शेवटी गुरुजींकडून कळलं. सरपंचांनी कसालहून एक लॉरी आणवली होती आणि पालखी सकाळीच सडकेने मोठा वळसा घालून गेली, तशीच परत येऊन थेट देवळात उतरली. आमच्या दारावरून येण्याचा प्रश्नच नव्हता. आयेला सांगायचं कोणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. लॉरीचं भाडं सरपंचांनी दिलं, त्यासाठी त्यांच्याकडे पैसे होते. होडीच्या दोन फळ्यांसाठी नव्हते.

मी हे आयेला कसं सांगावं म्हणून उंबऱ्यात उभी, तोच खाडीतून पोर येताना दिसली. गुडघ्याच्या वरपर्यंत काळा चिखल, परकर भिजलेला, लंगडत होती. कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय चिरला होता. पायरीवर पाऊल ठेवलं तिथे रक्त लागलं.

आयेने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला काही बोलावं लागलं नाही, माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं. ती उठली, पोरीचा हात धरून तिला पाटावर उभी केली, आणि देवाच्या खांदेकऱ्यांसाठी भरलेली ती कळशी तिच्या पायांवर ओतली. बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढून, पदराने पुसून, हळद भरून तिने पाय बांधला. पोर म्हणत होती, “आज्ये, ह्या पाणी देवाचा ना?” आये म्हणाली, “गप ऱ्हव.”

मग रिकामी कळशी कमरेला घेऊन ती देवळाकडे चालू लागली. मी मागून धावले.

देवळात दिवेलागणीचं गाऱ्हाणं चाललं होतं. सरपंच मोठ्या आवाजात देवाची वाट सुखरूप झाल्याचं सांगत होते आणि गाव व्हय म्हाराजा म्हणत होता. आये मागच्या खांबापाशी थांबली नाही. बायकांची रांग ओलांडून, पुरुषांमधून वाट काढत ती थेट पुढे गेली. सरपंच श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात तिचा आवाज चढला. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. पण आवाजाचा तो हेल सगळ्यांच्या कानात मुरलेला, आणि डोळे मिटलेले.

“बा देवा म्हाराजा! तुझे पाय माझ्या दाराक इले नाय, म्हणान मी माझ्या नातीचे पाय धुलंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही कळशी तुझ्या पायाकडे ठेवतंय. माझो मान तू परत घी आणि माझ्या घराची पट्टी परत लाव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जो कोण तुझा नाव घेवन पट्टी चुकयता, जेना तुझी तर कुजयली आणि पोरांच्या पायाक रगत काढला, तेना आपली पट्टी तुझ्यासमोर भरूची रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यात मोठा होकार हा तिसरा निघाला. आणि मग एकेकाचे डोळे उघडले. ढोलवाल्याची काठी हातातून पडली, तिचा आवाज घुमला. आयेने कळशी पाषाणापुढे ठेवली, नमस्कार केला आणि वळून चालती झाली.

सरपंचांनी घसा खाकरला. “बायकांचा गाऱ्हाणा धरूचा नसता. कौल लावूया.”

गुरव पाकळ्यांच्या तबकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “कौल कसलो लावतास? व्हय म्हणान मोकळे झाल्यात. आता मी नाय हात लावूचंय.” त्या माणसावर मी इतकी वर्षं संशय घेतला, पण हे वाक्य त्याचं, ते त्याला दिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीत पहिला आला तो ढोलवाला. त्याची पट्टी ती केवढी! ग्रामसेवकाने पावती फाडून त्याच्या हातात दिली. मग कुत्री हाकलणारा आला, मान खाली घालून. देवापुढे व्हय म्हटलंय आणि पाळलं नाही, याची भीती कुठल्याही जप्तीपेक्षा मोठी. पुढच्या आठवड्यात मुंबईहून टाळेवाल्याची मनीऑर्डर आली, त्याला कोणी कळवलं देव जाणे. सरपंच सगळ्यात शेवटी भरायला आले आणि भरताना म्हणाले, गावाच्या भल्यासाठी हा निर्णय मीच घेणार होतो. मी म्हटलं, “होय तर!” दुसरं काय म्हणू?

शिमग्याआधी होडी पाण्यात गेली. तरवाला मालवणहून परत आला, पगाराची बोली मात्र या वेळी त्याने आधी पंचांसमोर करून घेतली. बरोबर केलं. पोर त्या वर्षी जेमतेम पास झाली, पण झाली.

आणि पुढच्या वर्षी पालखी परत होडीतून आली. आमच्या दारात रांगोळी नव्हती, पाट नव्हता. आये नेहमीसारखी हात जोडून उभी होती. सरपंच पुढच्या दांडीला होते. पायऱ्या चढून ते आमच्या दाराशी थांबले, मागचे खांदेकरीही थांबले. सगळ्यांच्या देखत त्यांनी चिखलाचा पाय पुढे केला. “आये, पाणी घाल गो. मान तुझोच.”

आये जागची हलली नाही. त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “औंदाची पट्टी भरल्यात?”

“भरलंय.”

“पावती दाखव.”

होडीतून तरवाला पहिला हसला. मग खांदेकरी हसले, इतके की पालखी डुगडुगली. खांद्यावर देव घेऊन सरपंचांनी एका हाताने कनवटीला चाचपलं, आणि पावती निघाली. खरोखरच निघाली. आयेने ती माझ्याकडे वाचायला दिली. मी तारीख बघितली, शिक्का बघितला, मग मान हलवली, आणि आये पाणी आणायला आत गेली.

पाय धुऊन पालखी देवळाकडे निघेपर्यंत होडी पुन्हा पलीकडे जाऊन शाळेची पोरं घेऊन आली. माझी मुलगी सगळ्यांच्या मागून पायऱ्या चढली. परकर कोरडा होता आणि चपला पायात होत्या.